इस्पिकच्या एक्का-पंजीविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, त्या रात्री मी पोकर खेळत असताना तू माझ्या खुर्चीमागे उभी होतीस. समोरच्याने बोली वाढवल्यावर मी इस्पिकची एक्का-पंजी धरून ती पुन्हा वाढवली, तेव्हा "हातात काही नसताना एवढं कशाला लावलंस?" असे तू विचारलेस आणि शेवटी त्याने राजा-राणी दाखवून पॉट, म्हणजे मेजावर जमलेल्या सगळ्या चिप्स, नेला, तेव्हा बाबाही हसले. फोनवर मला ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

समोरच्याला माझी पाने दिसत नाहीत; माझ्या बोलीमागे कोणकोणते हात असू शकतात, याचा अंदाज तो बांधतो. त्या सगळ्या हातांना मिळून रेंज म्हणतात. सुरुवातीची दोन पाने १३२६ प्रकारे येऊ शकतात. पूर्वी मी फ्लॉपच्या आधी, म्हणजे मेजावर एकही पान उघडण्यापूर्वी, दोन एक्के, दोन राजे, दोन राण्या किंवा एक्का-राजा आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोली वाढवत नसे. प्रत्येक जोडीचे ६ प्रकार आणि एक्का-राजाचे १६, असे हे एकूण ३४ हात होतात. मी बोली वाढवली की सगळे पाने टाकून मोकळे होत, आणि जो टाकत नसे त्याला माझ्याकडे काय आहे ते मला विचारावेही लागत नसे.

म्हणून त्या ३४ हातांत मी एकाच रंगाच्या एक्का-पंजीचे ४ आणि एक्का-चौकीचे ४ हात मिसळले. हे हात मनाला येईल तसे निवडलेले नाहीत. एक एक्का माझ्याकडे असला की समोरच्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर, त्यामुळे तो पाने टाकण्याची शक्यता वाढते. शिवाय न टाकल्यास लहान सरळ क्रम किंवा एकरंगी हात जमण्याची वाट मोकळी राहते.

त्या डावात फ्लॉपवर, म्हणजे मेजावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदामचा राजा, इस्पिकची अठ्ठी आणि इस्पिकची तिर्री आली, नंतर चौकटची दुर्री आणि शेवटी किलवरचा गुलाम. एक राजा मेजावर गेल्यामुळे माझ्या रेंजमधले खरोखर जोरदार हात मोजावे लागतात: दोन एक्क्यांचे ६, दोन राजांचे ३ आणि एक्का-राजाचे १२, मिळून २१. दोन राण्या मी चेक करतो, म्हणजे काही न लावता पुढे जातो. (खरे तर काही एक्का-राजाही फ्लॉपवर चेक करावे लागतात, नाहीतर मी चेक केले की माझा हात दुबळा हे समोरचा ओळखतो, पण इथे हिशोब सोपा ठेवतो.)

बाबा, पुढचे गणित तुमच्या आवडीचे आहे. शेवटच्या पानावर पॉटमध्ये १०० चिप्स असताना मी ५० लावल्या, तर समोरच्याला १५० मिळवण्यासाठी ५० घालाव्या लागतात. म्हणजे मी चारांत एकदा पोकळ असलो, म्हणजे हातात काही नसताना लावले, तर त्याने पाने दाखवायला लावली काय किंवा टाकली काय, त्याला सारखेच पडते. २१ खऱ्या हातांबरोबर ७ पोकळ, एकूण २८. इथे तो चौथा हिस्सा बरोबर जमतो.

माझ्याकडे मात्र एक्का-पंजी आणि एक्का-चौकी मिळून पोकळ हात ८ होते, तेव्हा एक सोडणे भाग होते. सोडायचा तो इस्पिकचाच, कारण इस्पिकची पाने माझ्या हातात असली, तर एकरंगी हात जमण्याची वाट पाहून फसलेले आणि आता पाने टाकणारे हात समोरच्याकडे कमी उरतात. हे मला ठाऊक असूनही मी इस्पिकचे दोन्ही एक्केवाले हात लावतो. ही माझी जुनी खोड आहे. फ्लॉपच्या आधी लावले ते योग्य होते, पण शेवटच्या पानावर, आई, तुझा आक्षेप बरोबर होता.

आपला,
चिरंजीव