विश्वस्ताला जमीन विकता येते का?

महोदय,

वारसाने आलेली जमीन विश्वस्ताने विकावी का, हा प्रश्न सध्या आमच्याच घरात उभा आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातील ही जिरायत जमीन आजोबांनी नोंदणीकृत न्यासपत्राने (ट्रस्ट डीडने) एका नातलगाकडे विश्वस्त म्हणून सोपवली होती. आईने ट्रंकेतून काढलेल्या, घड्यांवर विरलेल्या त्या दस्तात ‘जमीन राखावी व उत्पन्न वारसांत वाटावे’ एवढेच लिहिलेले असून विक्रीचा उल्लेख कोठेही नाही. तरीही सातबाऱ्यावर आपले नाव आहे, एवढ्या आधारावर त्या नातलगांनी विक्रीसाठी विसार (आगाऊ रक्कम) स्वीकारला. वास्तविक सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नव्हे.

भारतीय न्यास अधिनियम, 1882 मधील कलम 37 विक्रीची मोकळीक देते ती विक्रीचा अधिकार मिळालेल्या विश्वस्तालाच. विश्वस्त अनेक असल्यास, न्यासपत्रात वेगळी तरतूद नसेल तर, सर्वांनी मिळून व्यवहार करावा, असे कलम 48 सांगते.

मला अधिक नाजूक वाटतो तो त्याआधीचा प्रश्न. जमीन आजोबांच्या एकट्याची होती की एकत्र कुटुंबाची? ती एकत्र कुटुंबाची असेल, तर इतरांचा हिस्सा न्यासात घालण्याचा अधिकार त्यांना कोठून आला? एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींचा जन्मसिद्ध हक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या दुरुस्तीने मान्य झाला असून, त्यासाठी त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या दोन्ही आत्यांना मात्र या व्यवहाराबाबत कोणी विचारलेलेही नाही.

खरेदीखत नोंदवण्यापूर्वी मूळ न्यासपत्र सादर करणे सक्तीचे करावे, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, सोलापूर