पन्हाळा रस्त्यावरच्या घराबद्दल

सातारा
कार्तिकी एकादशी

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीतच मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण कायद्याचं पुस्तक पुन्हा काढून नीट वाचल्याशिवाय तुला काही लिहायचं नव्हतं. ओतकामाची फाउंड्री पोराच्या हाती सोपवलीस, पन्हाळा रस्त्यावरचं शेतातलं घर रिकामं आहे आणि तिथं रिमांड होमच्या पोरांना ठेवून त्यांच्या हाताला काही काम शिकवावं असं तुझ्या मनात आहे. वहिनींनाही पटलंय म्हणतोस. वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. अठराच्या आतल्या आरोपी मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळावर असताना मी ज्या जागेची वाट पाहिली, ती तुझ्या शेतात उभी आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण याबद्दल बहुतेकांना फार तोकडी माहिती असते. लोकांना वाटतं, अठराच्या आतल्या पोरानं काही केलं की एक तर तो घरी सुटतो, नाहीतर रिमांड होममध्ये जातो. 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 18 काढून बघ. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे बरेच मार्ग त्यात आहेत. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईवडिलांच्या किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात देणं हा त्यातलाच एक. अगदी शेवटी येतं विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवायची संस्था, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. या दोहोंच्या मधोमध एक तरतूद आहे: मुलाला प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडायचं, पण राहायला एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत ठेवायचं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. कायद्याच्या भाषेत त्या जागेला 'योग्य सुविधा' म्हणतात. मुलगा तिथं शिक्षा भोगत नसतो, तो प्रोबेशनवर असतो. फक्त स्वतःच्या घरी न राहता तो दुसरीकडे राहतो, शिकतो आणि प्रोबेशन ऑफिसर त्याच्यावर लक्ष ठेवतो.

या कायद्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य हेच. आणि मी मंडळावर असताना हेच वाक्य आमच्या हाताला लागत नव्हतं, कारण आमच्या जिल्ह्यात अशी जागाच नव्हती.

एका मुलाचं सांगतो. नाव लिहीत नाही, कायद्यानंही ते उघड करता येत नाही. सोळा वर्षांचा. आठवडी बाजारातून मोटारसायकल काढली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि रस्त्याकडेला टाकून दिली. आईवडील बीडकडचे ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीला मुकादमाच्या टोळीबरोबर निघायचं, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहायचं, आज या फडात तर उद्या त्या. जामीन द्यायला आम्ही तयार होतो. पण मुलगा कुणाच्या हाती द्यायचा? आई आली होती. तिचा एक दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणखी वाढणार. म्हणाली, "साहेब, तिकडं नेला तर कोयताच हातात देईन मी त्याच्या, दुसरं काय देऊ?" मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, राहिला. गुन्हा मोठा होता म्हणून नव्हे, तर बाहेर त्याला घर नव्हतं म्हणून. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी असं कायदा म्हणतो, पण त्या वयात चार महिने थोडे नसतात. आत त्याच्या शेजारी कोण होतं? कोयता घेऊन रील बनवणारी, 'भाई' म्हणवून घेणारी थोराड पोरं. तो आत आला तेव्हा त्याला त्यांच्यातलं कुणी माहीत नव्हतं. बाहेर गेला तेव्हा सगळ्यांचे मोबाइल नंबर त्याला पाठ होते.

निरीक्षणगृहातल्या माणसांना मी बोल लावत नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ही गृहं चालवणाऱ्या परिविक्षा व अनुरक्षण संघटना आहेत. तुटपुंज्या अनुदानावर त्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या ओढताहेत. त्यांच्यातली किती माणसं रात्री उठून पोरांचा ताप बघतात, ते मी पाहिलंय. पण इमारतीचाही माणसावर परिणाम होतो. मुंबईतलं डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या वास्तूत आहे तो मुळात तुरुंग. तुमच्या कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या प्रकरणात टिळक-आगरकरांनी 1882 साली 101 दिवस काढले ते त्याच डोंगरीच्या तुरुंगात. तुरुंगासाठी बांधलेल्या भिंतींच्या आत मुलांना 'हे तुमचं घर' म्हणून सांगायचं, ते त्यांना पटावं कसं?

आता माझं खरं म्हणणं. दिनू, तू रिमांड होमची लहान प्रत काढू नकोस. तू बोर्डिंग काढ.

मुलांना घरापासून दूर ठेवून माणूस करायची विद्या आपल्याला परक्याकडून शिकायला नको. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगामागून बोर्डिंगं उभी केली, आणि आपण दोघंही अशाच एका बोर्डिंगच्या भाकरीवर वाढलो. इथं साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला जेवायची, स्वतः राबायची, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्याच 1924 साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा आला आणि त्यातून पुढे आपली रिमांड होम उभी राहिली. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन वाटा. एका वाटेवरून गरिबाची पोरं गेली, दुसरीवरून गरिबाचीच पण पोलिसांच्या हाती लागलेली पोरं. दुसऱ्या वाटेवरच्या पोरांना पहिल्या वाटेवर आणायचं, एवढंच मला तुझ्या घराकडून हवंय.

म्हणून पोरं थोडी ठेव. आठ, फार तर दहा. अमेरिकेत मिझुरी नावाचं राज्य आहे. तिथं बूनव्हिल गावी शेकडो पोरांची एक जुनी सुधारशाळा होती, मारहाणीसाठी बदनाम झालेली. 1983 मध्ये त्यांनी ती बंद केली आणि मुलांना त्यांच्या घरापासून जवळ, लहान लहान जागी, दहा-बारांच्या गटात ठेवायला लागले. पुढे इतर राज्यांतली माणसं ती पद्धत बघायला तिथं जाऊ लागली. दहा पोरं असली की कोण जेवला नाही हे ताटावरून कळतं. पन्नास झाली की शिट्टी लागते, आणि शिट्टी आली की मागोमाग छडी येते.

आता कागदपत्रं. ही नीट वाच, यात हयगय नको. तुझ्या एकट्याच्या नावावर ही जागा चालवता येणार नाही. नोंदणीकृत संस्था लागेल, तेव्हा आधी न्यास कर. मग जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे मान्यतेसाठी अर्ज. ते चौकशी करून, जागा बघून ठरवतात. पुढेमागे कायमचं मुलांचं गृह चालवायचं ठरवलंस तर त्याची वेगळी नोंदणी कलम 41 खाली करावी लागते. ती न करता चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. चांगल्या मनाची माणसं इथंच अडकतात. 'पोरं तर सुखात आहेत, कागद होतील सावकाश' असं म्हणायचं नाही. न्यासाला वेळ लागतोय असं वाटलं तर तोवर तू आणि वहिनी 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता मागू शकता. मग मंडळ एखादा मुलगा प्रोबेशनवर तुमच्या हाती देऊ शकेल. एका मुलापासून सुरुवात झाली तर मला ती जास्त आवडेल.

आणि फाउंड्रीत एकही पोरगा न्यायचा नाही. तुझ्या मनात तेच असणार हे मला माहीत आहे: मोल्डिंग शिकेल, फेटलिंग शिकेल, पोटाला लागेल. पण फाउंड्रीचं काम कायद्यानं धोकादायक धरलंय आणि अठराच्या आत ते बंद आहे. पॅटर्न मेकिंगची लाकडी कामं, ड्रॉइंग वाचणं, मोजमाप, वायरिंग, पंपदुरुस्ती हे सगळं घरीच शिकव. तेही शिक्षण म्हणून. त्यातून माल काढून विकायचा विचार नको. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसव. अठरा पुरी झाली की ज्याला फाउंड्रीत यायचंय त्याला रीतसर पगारावर घे.

पळून जातील. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पहिला पोरगा पळाला की तुझं मन मोडेल. व्हाइटनर, सोल्युशन हुंगणारी पोरं पहिल्या दिवसांत अंगाची आग होते तशी तडफडतात, त्यांना बांधून ठेवता येत नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारांना पाठवायचा आदेश मंडळ देऊ शकतं, तो मागून घे. पळालेल्या मुलाला शोधून चोवीस तासांत मंडळापुढे हजर करतात, पण पळाला म्हणून त्याच्यावर वेगळा खटला होत नाही. कायदा करणाऱ्यांना हे वय कळलं होतं. परत आला तर ताट वाढ, आणि कुठं गेला होतास हे दुसऱ्या दिवशी विचार.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुझ्या घरात नसून मुलाच्या गावात आहे. तुझ्याकडे मुलगा सुधारेल, यात मला शंका नाही. नियमानं जेवण, झोप आणि कुणीतरी नावानं हाक मारणारं मिळालं की बहुतेक पोरं महिन्याभरात निवळतात. मग तो परत जातो. गावात चोरी झाली की पोलिसांची मोटार पहिल्यांदा त्याच्या दारात उभी राहते. कायदा सांगतो की अशा मुलाला त्या प्रकरणामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, मुदत संपल्यावर कागदही नष्ट करायचे. गावाच्या डोक्यातले कागद मात्र राहतात. म्हणून मुलगा आला त्या आठवड्यातच त्याच्या गावी जा. आईला भेट, चुलत्याला भेट, शाळेतल्या एखाद्या गुरुजींना गाठ. आई ऊसतोडीला गेली असेल तर फडावर जा. मुलाला आठवड्यातून दोनदा तरी आईशी फोनवर बोलू दे. परत कुठं जाणार, कुणाकडे जेवणार, काय काम करणार हे ठरलं नसेल तर त्याला मुदत संपली म्हणून दाराबाहेर काढू नकोस; अठरानंतरही आधार देण्याची सोय कायद्यात आहे, त्यासाठी प्रोबेशन ऑफिसरच्या मागे लाग.

तुझ्या वाडीतले लोक विरोध करतील. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि श्रीमंत घरातल्या आरोपी मुलाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हापासून कुठंही बाल न्यायाचं नाव काढलं की लोक तेच तोंडावर फेकतात. त्यांचा राग मला समजतो. ज्यांची मुलं गेली त्यांच्या दुःखापुढे कुणी काय बोलावं? पण मंडळापुढे मी पाहिलेली पोरं त्या घरातली नव्हती. त्यांच्याकडे वकील नव्हता, कित्येकांकडे चप्पल नव्हती. ग्रामसभेत हे शांतपणे सांग. आणि ज्यांचं त्या मुलांमुळे नुकसान झालंय त्यांनाही विसरू नको. ज्याची मोटारसायकल गेली त्याचे हप्ते चालूच असतात. मुलाला त्याच्यासमोर उभं राहून बोलायला लावता आलं, तर लाव.

पैशाचं तू बघशील, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती तिथं रात्री कोण राहणार याची. पगारी वॉचमनवर हे घर चालणार नाही. एखादं जोडपं हवं, पन्नाशीतलं, स्वतःची मुलं मार्गी लागलेली, शेतीची सवय असलेली, आणि आवाज न चढवता नाही म्हणता येणारी. त्यांची पोलीस पडताळणी करून घे. वेळी-अवेळी प्रोबेशन ऑफिसरनं आणि मंडळानं येऊन मुलांशी एकांतात बोलावं असं तू स्वतःच सांग. अशी माणसं मिळाली तरच पुढचं पाऊल टाक, नाहीतर थांब. माझ्या डोळ्यांपुढे कराडकडचं एक जोडपं आहे, बोर्डिंगात स्वयंपाक बघून निवृत्त झालेलं. त्यांच्याशी बोलून ठेवतो. डिसेंबरात चार दिवस तुझ्याकडे येतो, घर बघू, न्यासाचा मसुदा करू आणि तुमच्या जिल्ह्याच्या प्रोबेशन ऑफिसरना भेटू. सातबारा आणि घराचा नकाशा काढून ठेव. खिडक्यांना गज बसवायला घेतले असशील तर सुताराला थांबव.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता