आजी, रिपोर्टवर तुमचं नाव नाही म्हणून

आदरणीय आजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या नातवाचा, सोन्याचा, रिपोर्ट दिला. त्यावर माझी सही आहे, सुपरवायझर मॅडमची आहे, आई-बाबांची आहे. तुमचं नाव कुठेच नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी जाऊन थेरपी देणाऱ्या आम्हा मंडळींत एक वाक्य फार सहज बोललं जातं : ‘घरात आजी आहे? मग झालंच!’ म्हणजे आजी लाड करणार, मागायच्या आधी हातात देणार, आमच्या कामावर पाणी फिरवणार. मला ते आता ऐकवत नाही.

तुमच्याकडे सकाळी स्वयंपाकाच्या वेळी तो कान दाबून ओरडायचा, मनगट चावायचा. आमची नोंद तीन रकान्यांची असते : आधी काय घडलं, मूल कसं वागलं, नंतर काय झालं. पहिला रकाना काही केल्या भरेना. कुकरचा संशय होता, पण शिटीच्या बऱ्याच आधी त्याचं ओरडणं सुरू व्हायचं. तुम्ही मेथी निवडता निवडता म्हणालात, “अगं, शिटीला नाही भीत तो. ती कधी होणार ते कळत नाही ना, त्याला भितो.”

आणि फ्रिजवर तीन मोठ्या लाल टिकल्या चिकटवल्यात. कुकर चढवताना त्याला दाखवायच्या, शिटी झाली की एक काढायची, तिसरी निघाली की गॅस बंद. याला आमच्याकडे व्हिज्युअल सपोर्ट म्हणतात आणि त्याचे लॅमिनेट केलेले तक्ते चांगल्या किमतीला विकले जातात. ओरडणं काही लगेच थांबलं नाही. पण हळूहळू तो स्वतःच टिकली काढायला ओट्यापाशी येऊन उभा राहू लागला.

चित्रांच्या कार्डांचं काम तर तुमच्याशिवाय सुरूच झालं नसतं. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवलेल्या या पद्धतीच्या, पेक्सच्या, पहिल्या टप्प्यात दोन माणसं लागतात. एक समोर, मुलाच्या आवडीचा खाऊ घेऊन. दुसरं मागे, मुलाचा हात धरून कार्ड उचलून द्यायला लावणारं आणि ती मदत थोडी थोडी कमी करत नेणारं. मागच्याने चकार शब्द काढायचा नाही. ‘काय हवं रे?’ असं विचारत राहिलं, की मूल आपणहून मागण्याऐवजी त्या प्रश्नाचीच वाट बघतं. आई-बाबा ऑफिसात, म्हणून मागे तुम्ही. दिवसभर नातवाशी बोलणाऱ्या तुम्ही गप्प राहण्यासाठी तोंडात लवंग धरून बसायचात! (लवंगेचं मी सुचवलं नव्हतं.) तुमचा हात न लागता त्याने कुरमुऱ्यांचं कार्ड माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मी क्षणभर बघतच राहिले. तुम्ही मागून डोळे वटारलेत : दे की लवकर!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या ज्या अभ्यासामुळे आम्ही देतो त्या, मुलांच्या वागण्यावर काम करणाऱ्या थेरपीचं (एबीएचं) नाव झालं, त्यातल्या मुख्य गटातल्या मुलांना आठवड्याला ४० तासांहून अधिक शिकवलं जात होतं. त्यात तेव्हा शिक्षाही होती. ती मला मुळीच मान्य नाही, आणि ऑटिझम घेऊन मोठी झालेली माणसं त्याविरुद्ध बोलतात ते योग्यच आहे. पण तासांचं काय? आपल्याकडे ४० तास परवडणारी घरं किती? मी येते, सेशन घेते, डोंबिवलीहून पुढची लोकल पकडते. त्यानंतरचा दिवस तुमचा. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून तीच कार्डं पुन्हा मांडणं, शेजारणीने ‘एक फटका द्या, सरळ होईल’ म्हटलं की तिला चहा देऊन वाटेला लावणं, हेही सगळं तुमचंच. त्याची फी कुणी देत नाही.

आता एक काम आहे. कल्याणच्या एका घरी नुकतं सुरू केलंय. तिथल्या आजींना कार्डांच्या वेळी बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांना तुमचा नंबर दिला तर चालेल का? फोन दुपारी तुमची मालिका संपल्यावरच करा, असं मी त्यांना बजावून ठेवीन.

तुमची,
सोन्याची थेरपीवाली ताई