रुमालावर मांडलेली सात नाणी

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले आडनाव मला ठाऊक नाही. पत्ता विचारला तेव्हा आपण हसून विषय बदललात, म्हणून जे पत्र पोस्टाने आपल्या घरी यायला हवे होते ते असे चारचौघांत लिहावे लागत आहे. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात एका कपाटापुढे आपण वाकून काहीतरी पाहत होतात आणि नऊवारी नेसलेली माझी आई कापडी पिशवी पोटाशी धरून आपल्या शेजारी येऊन उभी राहिली, एवढी खूण आपल्याला पुरेल असे वाटते.

त्या पिशवीत काय होते आणि ते कुठून आले, हे आपण विचारल्यावर मी घाईघाईने सांगितले होते. आता जरा नीट सांगते. आमची रेवदंड्याला लहानशी वाडी आहे. पावसाळ्यापूर्वी नारळांची आळी करताना आईच्या कानातली मोत्याची कुडी तिथे पडली. माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे, त्याने परदेशातून आणलेले मेटल डिटेक्टर घेऊन दोन दिवस सारी वाडी पालथी घातली. कुडी काही सापडली नाही. विहिरीच्या बाजूला मात्र वीतभर खोलीवर हिरवट, वेड्यावाकड्या कडांच्या सात चकत्या निघाल्या. आईने त्यांतली एक त्याच संध्याकाळी चिंच लावून लख्ख घासली, आणि मग पुढचे तीन महिने आम्ही त्या चकत्या घेऊन माणसे शोधत हिंडलो.

त्या तीन महिन्यांबद्दल फार लिहिणार नाही, पण अगदीच वगळले तर आपल्या त्या दुपारची किंमत कळणार नाही. एका गृहस्थाने फोनवर फोटो पाहून सातही नाणी अतिदुर्मीळ असल्याचे सांगितले, काही लाखांचा आकडा उच्चारला आणि नोंदणीची फी आधी भरा म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाचे एक पत्र पाठवले. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपण कोणतीही फी घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे त्या बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलेले असल्याचे भाच्याने वेळीच दाखवले, म्हणून पैसे वाचले. एका दुकानदाराने नाणी काउंटरच्या काचेवर खळकन ओतली, तांब्याचा भाव सांगितला, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागताच मागून हाक मारून तो दुप्पट केला. पण आईला सर्वांत जास्त लागले ते एका विद्वान बाईंचे वागणे. त्यांनी मोबाइलवरची नजर न काढता, एकही नाणे हातात न घेता, 'शिवराया असतील, ढिगाने सापडतात' एवढेच म्हटले. शिवराई म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे आता आपल्यामुळेच मला माहीत आहे. तरीही त्या संध्याकाळी चर्नी रोडपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

संग्रहालयात कोणी ओळखून देईल या भाबड्या आशेने आलो होतो. तिथे तसे काम होत नाही हे दारावरच समजले, तरी आलोच आहोत तर पाहून जाऊ म्हणून आत शिरलो. आपण आमची कुजबुज ऐकली असावी. 'इथे पिशवी उघडू नका, बाहेर चहा घेऊ,' असे म्हणून आपण आम्हांला जवळच्या उडप्याकडे नेलेत, टेबल स्वतः पुसलेत, खिशातला घडीचा पांढरा रुमाल त्यावर पसरलात आणि आईला म्हणालात, 'एकेक करून तुम्हीच मांडा, कडेला धरून.'

यानंतर आपण जे केलेत त्याच्यासाठी हे पत्र आहे.

आपण भिंग काढलेत. आपल्याला पहिल्या दृष्टिक्षेपातच सारे कळलेले होते, यात मला शंका नाही. तसे सांगून मोकळे होणे किती सोपे होते! पण आपण ते भिंग स्वतःच्या डोळ्याला न लावता आईच्या हातात दिलेत, पहिले नाणे तिच्याकडे सरळ करून ठेवलेत आणि म्हणालात, 'आजी, तुम्ही वाचा आधी. देवनागरीच आहे.' चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईला आजवर कोणी काही वाचून दाखवायला सांगितल्याचे मला आठवत नाही. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या सभेत कागद नेहमी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे येतो. तिने भिंग जवळ नेले, लांब केले, पुन्हा जवळ नेले आणि बोट न टेकवता ओळीवरून फिरवत वाचले, 'श्री... राजा...'. तिसऱ्या ओळीपाशी ती अडखळली आणि गोंधळून म्हणाली, 'सीव? म्हणजे ते शीव स्टेशन?'

मला हसू आले, आपल्याला आले नाही. आपण तितक्याच गंभीरपणे तिला सांगितलेत की ते शिवच आहे, 'श्री राजा शिव'. ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी ते कुठे शिव, कुठे सिव, कुठे सीव असे कोरले आहे, तेव्हा तुम्ही जे वाचलेत ते अगदी बरोबर वाचलेत. मग नाणे उलटवून दुसरी बाजू तिच्यापुढे केलीत. तिथे 'छत्र' वर, 'पति' खाली आणि मध्ये दोन आडव्या रेघा होत्या. त्या तिने स्वतः मोजल्या आणि त्यावरून ही दुदांडी शिवराई, हे आपण सांगितलेत. शिवाजीमहाराजांनी १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवराईचा छाप सुरू केला. तो पुढे पेशवाईतच नव्हे तर त्यानंतरही ठिकठिकाणच्या ठेकेदारांच्या टांकसाळींतून पडत राहिला, आणि आमची नाणी त्या उत्तरकाळातली आहेत. महाराजांच्या हयातीतली ती नव्हेत, हे सांगताना आपला आवाज किंचित हळू झाला होता. आईच्या ते लक्षातही आले नाही, कारण ती तोवर दुसरे नाणे वाचू लागली होती. त्याच्यावर 'शिव' नव्हताच. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे जेवढी अक्षरे चकतीवर मावली तेवढीच उमटली, हे आपण बशीवर कप सरकवून दाखवलेत. पाच शिवराया तिने अशा स्वतः वाचल्या.

सहावे नाणे तिला वाचता येईना. ते गोल गरगरीत होते, सगळीकडे सारख्या जाडीचे, आणि त्यावर तराजू होता. त्या तराजूच्या पारड्यांमधले फारसी शब्द 'अदल', म्हणजे न्याय, असे आपण सांगितलेत. कंपनी सरकारचा हा मुंबई इलाख्याचा पैसा १८०४ साली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडला गेला आणि जहाजाने इकडे आला. आपल्या फोर्टातल्या टांकसाळीची आजची इमारत तेव्हा उभीसुद्धा नव्हती. 'हातोड्याचे नाणे आणि यंत्राचे नाणे एकाच वाडीत, एकाच खिशातून पडलेले असतील,' असे आपण म्हणालात. त्या खिशाचा विचार मी अजूनही करते.

सातवा पंपाचा वायसर निघाला. फोनवरच्या त्या गृहस्थांच्या मते तोही अतिदुर्मीळ होता. आईने मात्र तो इतरांइतकाच हलकेच कडेला धरून मांडला होता, आणि आपणही तो तितक्याच हलकेपणाने बाजूला ठेवलात.

चिंचेने घासलेले नाणे आईने रुमालाच्या अगदी कोपऱ्यात, पालथे ठेवले होते. आपण ते उचललेत. तांब्यावरचा हिरवट-काळा थर हीच त्याची राखण असते आणि तो काढला की अक्षरेही झिजतात व मोलही जाते, हे आपण सांगितलेत खरे, पण त्याच्या आधी हेही सांगितलेत की कॉलेजात असताना आपण स्वतः एक चांगले नाणे राखेने घासून वाया घालवले होते. हे खरेच घडले होते की आईसाठी त्या क्षणी घडले, हे मी विचारणार नाही.

किमतीबद्दल आपण स्पष्ट बोललात, की याच्यावर घर होणार नाही, दार रंगवून होईल फार तर. तेवढेच स्पष्टपणे आपण विचारलेत की ही रेवदंड्याच्या किल्ल्यातून तर काढली नाहीत ना. आणि वाडी आमचीच असल्याची खात्री झाल्यावरही सांगितलेत की जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक मोलाची असेल तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आम्ही दोघीही घाबरलो, तेव्हा बिलाच्या पाठीमागे अर्जाचा मजकूर आपणच लिहून दिलात. तो अर्ज गेला आहे. पुढचे हेलपाटे चालू आहेत, त्यांची कहाणी इथे नको.

काका, ज्ञान असलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःला किती कळते हे समोरच्याला कळावे अशी घाई असते. समोरच्याला स्वतःला कळेपर्यंत भिंग त्याच्या हातात राहू देण्याइतका धीर मी त्या दुपारी प्रथम पाहिला. चहाचे पैसेही आपणच दिलेत आणि पाया पडू पाहणाऱ्या आईला अडवून उलट तिलाच नमस्कार केलात, याचा आम्हां दोघींना अजून संकोच वाटतो.

आई सध्या येणाऱ्या प्रत्येकाला दुदांडी म्हणजे काय ते समजावून सांगते. शीव स्टेशनचा भागही ती वगळत नाही.

आपला रुमाल आमच्याकडेच राहिला आहे. नाणी गुंडाळून देताना आपण तो परत मागितला नाहीत आणि आमच्याही घरी येईपर्यंत लक्षात आले नाही. आईने तो धुऊन, इस्त्री करून, वाडीतल्या कोकमांच्या पुडीसोबत कपाटात ठेवला आहे. हे पत्र आपल्या किंवा आपल्या ओळखीच्या कोणाच्या वाचनात आले तर कृपया निरोप धाडावा. गिरगावाहून फोर्टात यायला आम्हांला अर्धा तास पुरतो, आणि त्याच उडप्याकडे या वेळी चहा आईचा.

आपली कृतज्ञ,
भिंग मिळालेल्या आजींची मुलगी
गिरगाव, मुंबई