दादाला पत्र : चेहरा दिसला पाहिजे

लंडन, रविवार

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’ पाहून तू फोनवर म्हणालास, “हल्ली सगळं काँप्युटरवर करतात, त्याचं काय एवढं कौतुक!” फोनवर हा वाद मिटणारा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. काँप्युटर आहेच रे. तो कुठे वापरलाय आणि कुठे मुद्दाम वापरला नाही, तेवढं बघ.

ती विमानातली उडी घे. गोष्टीत ती पॅरिसवर आहे. खरी मारली अबूधाबीत, सी-१७ या लष्करी मालवाहू विमानातून, २५,००० फुटांवरून. खालचं पॅरिस आणि ते विजांचे ढग काँप्युटरचे, तुझं बरोबर. पण पडणारा माणूस टॉम क्रूझच आहे. एवढ्या उंचीवर जायचं तर आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागतं. नाहीतर दाब उतरला की अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि माणूस कामातून जातो. सैनिक अशा उड्या मारतात तेव्हा मास्कने अर्धं तोंड झाकलेलं असतं. सिनेमाला ते चालणार नाही. म्हणून समोर पूर्ण काच आणि आत बारीक दिवे असलेलं हेल्मेट खास बनवून घेतलं. ऑक्सिजन आणि विजेची वायर एकाच डब्यात, म्हणजे एक ठिणगी पडली की संपलं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर चेहरा दिसावा म्हणून.

आणि कॅमेरा कोणाकडे? क्रेग ओब्रायन नावाच्या स्कायडायव्हरच्या डोक्यावर. तो आधी, तेही उलटा, विमानाबाहेर पडतो. पडता पडता फोकस जुळवत बसणं शक्य नाही, तेव्हा अंतर आधीच ठरलेलं. क्रूझने हवेतून बरोबर तीनेक फुटांवर येऊन थांबायचं. थोडं मागेपुढे झालं की चेहरा धूसर आणि तो दिवस फुकट. दिवस फुकट अशासाठी की हवा तसा संधिप्रकाश जेमतेम तीन मिनिटं टिकायचा, म्हणजे रोज एकच टेक. स्टुडिओत मोठा वाऱ्याचा बोगदा उभारून सराव केला होता, तरी सराव धरून शंभरावर उड्या झाल्या. पडद्यावर सलग वाटणारा तो प्रसंग तीन तुकडे बेमालूम जोडून केलेला आहे.

‘हिरो सगळे स्टंट स्वतः करतो’ हे जाहिरातीला ठीक. त्यात मला फारसा रस नाही. तीच उडी एखाद्या कसलेल्या डुप्लिकेटनेही मारली असती, कदाचित जास्त सफाईने. पण डुप्लिकेट आला की कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागते : पाठीकडून दाखव, लांबून दाखव, अर्ध्या सेकंदात कट मार. नट स्वतः असला की कॅमेरा नाकाजवळ जाऊन तिथे मुक्काम ठोकू शकतो. पैसा आणि हाडं खर्च झाली ती या मुक्कामासाठी.

हाडं म्हणजे शब्दशः. इथल्या सेंट पॉलच्या चर्चपासून टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या चिमणीपर्यंतची ती धावाधाव आठवते ना? त्यातल्या एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारताना ऑगस्ट २०१७ मध्ये क्रूझचा घोटा मोडला. तिथे पलीकडे पोचायचं नव्हतंच. भिंतीवर आपटून हातांच्या जोरावर वर चढायचं, असं ठरलं होतं. पण पाऊल भिंतीला वाकडं लागलं. दोऱ्या बांधलेल्या होत्या. दोरी पडण्यापासून वाचवते, आपटण्यापासून नाही. गडी तसाच वर चढला आणि लंगडत फ्रेमबाहेर गेला. सिनेमात तोच शॉट ठेवलाय. पुन्हा बघशील तेव्हा त्याच्या पायाकडे बघ.

आता काँप्युटरला चेहरा किती जमतो, त्याचा नमुनाही याच सिनेमाच्या आगेमागे सापडतो. हेन्री कॅव्हिलने या भूमिकेसाठी मिशा ठेवल्या होत्या. त्याच काळात त्याला ‘जस्टिस लीग’ या दुसऱ्या सिनेमाच्या जादा शूटिंगला जावं लागलं. ‘फॉलआउट’वाल्या पॅरामाउंटने मिशा काढू दिल्या नाहीत, मग ‘जस्टिस लीग’च्या वॉर्नरवाल्यांनी त्या काँप्युटरवर पुसल्या. वरचा ओठ असा काही दिसला की जगभर टिंगल झाली. ढग खोटे असले तर कोणाला पत्ता लागत नाही. ओठ खोटा असला की शेंबड्या पोरालाही कळतं.

बाथरूममधली मारामारी पुन्हा लाव. पार्श्वसंगीत नाही, फक्त बूट, फरशी, धापा आणि फुटणारी काच. कॅव्हिल वजनाने भांडतो, क्रूझ चपळाईने, आणि तो तिसरा, लियांग यांग, मूळचा स्टंटमन, दोघांनाही पुरून उरतो. तिघांच्या तीन तऱ्हा असल्यामुळे कोण कुणाला मारतोय यात गोंधळ होत नाही. मध्येच कॅव्हिल बंदूक लोड करावी तसे दोन्ही हात झटकतो, ते म्हणे ठरलेलं नव्हतं, त्याला ऐन वेळी सुचलं. वहिनीला हा क्षण आवडला असणार, विचार तिला.

त्या मारामारीचा शेवट लेखकाने फार धूर्तपणे केलाय. इल्सा, म्हणजे रिबेका फर्ग्युसन, येते आणि त्या तिसऱ्या माणसाला नेमकी तोंडावर गोळी घालते. म्हणजे त्याच्या तोंडाचा मुखवटा आता बनणार नाही. ज्या मालिकेचं अर्धं भांडवल रबरी मुखवटे आहेत, तिच्यात हिरोला स्वतःच्या तोंडाने दुसरा माणूस बनून जावं लागतं! दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीनेच पटकथाही लिहिली आहे, त्यामुळे हा योगायोग नव्हे.

नटांचं म्हणशील तर रिबेका फर्ग्युसन माझ्या मते सगळ्यांत वरचढ. बोलते कमी, आणि आत काहीतरी शिजतंय हे डोळ्यांतून कळतं. शॉन हॅरिसचा खलनायक कुजबुजत्या आवाजात बोलतो, म्हणून आपणच पुढे सरकून ऐकतो. व्हिंग ऱ्हेम्स १९९६ पासून याच मालिकेत आहे. पडद्यावर आला की घरचं माणूस आल्यासारखं वाटतं. अँजेला बॅसेटला मात्र वाया घालवलंय. एवढी ताकदीची बाई आणि काम काय, तर खोलीत येऊन दरडावणे. कॅव्हिलचं रहस्यही फार आधी उघडं पडतं. तू मध्यंतरापर्यंतच ओळखलं असशील.

खरी चिडचिड काश्मीरची होते. हेलिकॉप्टरचा पाठलाग न्यूझीलंडात चित्रित केला, कड्यावरची झटापट नॉर्वेतल्या प्रेकेस्टोलनवर, जिथून खाली ६०४ मीटर सरळ फ्योर्ड, म्हणजे समुद्राची चिंचोळी खाडी आहे. गोष्टीत हे सगळं सियाचीनच्या आसपास! आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने नकाशा आणि उल्लेख सुधारायला लावले, पण डोंगर कोण सुधारणार? पाठलाग मात्र निर्विवाद. हेलिकॉप्टर क्रूझ स्वतः उडवतोय, कॅमेरे बाहेर ठोकलेले. म्हणजे उडवायचं, अभिनय करायचा आणि मागे नेमका हवा तोच डोंगर राहील असं वळायचं, हे सगळं एकट्याने.

चिंटूच्या तबल्यासाठी एक गंमत. संगीतकार लालो शिफ्रिनची ‘मिशन इम्पॉसिबल’ची ती मूळची धून पाचच्या ठेक्यात आहे. दुप्पट केली की दहा, म्हणजे मात्रा झपतालाएवढ्याच. पण झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, हिचे तीन-तीन-दोन-दोन. दोन लांब, दोन आखूड. मोर्स लिपीत दोन लांब म्हणजे ‘एम’ आणि दोन आखूड म्हणजे ‘आय’. हातावर टाळ्या देऊन मोजायला सांग. झपतालाच्या सवयीने तो तिसऱ्याच मात्रेला टाळी देईल, तिथेच चुकेल.

आणि पुन्हा बघण्याआधी टीव्हीचं एक काम कर. सेटिंग्जमध्ये पिक्चरच्या मेनूत जा. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ असं काहीतरी दिसेल, ते बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं टीव्हीवरच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. खुद्द क्रूझ आणि मॅक्वॉरीने डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ करून लोकांना हेच सांगितलं होतं. तुला ‘काँप्युटरचं’ वाटलं त्यातलं थोडंफार तुझ्याच टीव्हीने केलेलं असणार. बंद केल्यावर उडीचा प्रसंग परत बघ आणि मग फोन कर.

आई-बाबांना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझा,
धाकटा