पाचवी प्रत जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

दृष्टी अधू झाल्यावर आपण माझ्या हवाली केलेली पत्र्याची पेटी मी गेल्या आठवड्यात पुन्हा उघडली. एका तरुण वकील मुलीला नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात जमीन जाणाऱ्या लोकांचे जुने अर्ज पाहायचे होते, म्हणून कागद लावायला बसले आणि दोन दिवस तिथून उठवले नाही. प्रत्येक अर्जाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि खाली आपली बारीक सही आहे. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट या पत्रातही पाळते आहे. पण आभार मात्र आज चारचौघांत मानायचे आहेत, कारण नागरी हक्क आणि शांततेच्या कामात गेलेल्या माझ्या साऱ्या वर्षांचा विचार करते तेव्हा सभांच्या आधी मला आपला इंदूरच्या रामबागेतला ओटा आठवतो.

28 सप्टेंबर 1989 रोजी मोठ्या धरणांविरुद्ध मध्य प्रदेशातील हरसूदला झालेल्या विराट मेळाव्यातून मी भारावून परतले होते. घोषणा पाठ होत्या, कागद मात्र एकही धड नव्हता. निमाडातील गावांतून मी वहीत नावे उतरवून आणत असे, आणि दिवसभर कोर्टाबाहेर टायपिंग करून आलेले आपण रात्री जेवणानंतर पुन्हा यंत्रासमोर बसत असा. एक मूळ प्रत आणि चार कार्बन, म्हणजे पाच कागद एकावर एक. शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून आपण कळा इतक्या जोराने दाबत असा की वहिनी आतून दार ओढून घेत. एखादे अक्षर चुकले तर प्रत्येक कार्बनमागे कागदाचा कपटा सरकवून पाचही प्रती एकेक करून खोडायच्या आणि मगच पुढे जायचे. पैशांचा विषय काढला की आपण म्हणत असा, “रिबन तेवढी आणा.”

त्या काळात मी आपल्यावर मनातून चिडतही असे, हे आज कबूल करते. मला निवेदन जळजळीत हवे असायचे आणि आपण बापाचे नाव, जमिनीचा नंबर विचारायचे, “वल्द कोण? खसरा नंबर कुठे आहे? ही बाई बेवा आहे की नवरा हयात आहे?” उत्तर नसले की त्या नावापुढे पेन्सिलीची फुली पडत असे आणि मला पुन्हा बसने निमाडात जावे लागत असे. नर्मदा पाणी तंटा लवादाचा 1979 सालचा निवाडा आपण माझ्याआधी बारकाईने वाचला होता. पाव हिश्शाहून अधिक जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन, आणि वयस्क मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, ही दोन वाक्ये आपण पेन्सिलीने अधोरेखित केली होती. हक्क त्या ओळींत आहे आणि तो माणसागणिक सिद्ध करावा लागणार आहे, हे मला आपल्या ओट्यावर उमगले. पुढे एका कार्यालयाने आमचे अर्ज मिळालेच नाहीत असे सांगितले, तेव्हा पेटीतील पाचव्या प्रतीवरचा आवक-शिक्का दाखवून आम्ही ती नावे पुन्हा यादीत घ्यायला लावली. तो दिवस मी विसरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 रोजी धरणाची उंची 90 मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली, त्या रात्री मी आपल्याकडे नुसतीच बसून राहिले. आपण काही बोलला नाहीत, यंत्रात नवा कागद तेवढा चढवलात.

आपल्या इंदूरच्या नळाला जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढवून आणलेले नर्मदेचेच पाणी येते. ते पिणाऱ्या शहराने त्या काठच्या माणसांची नावे निदान बरोबर लिहावीत, असे आपण एकदाच म्हणाला होता, तेही यंत्रावरची मान वर न करता.

मे 1998 मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर आम्ही शांतता-फेरीचे पत्रक काढायचे ठरवले, तेव्हा ओळखीच्या दोन ठिकाणांहून मला नकार मिळाला होता. आपल्याकडे येताना माझी पावले जड झाली होती. आपण मजकूर वाचलात आणि स्पष्ट सांगितलेत की आपल्या मते देशाजवळ बॉम्ब असायलाच हवा. मग चष्मा पुसून म्हणालात, “हिरोशिमाची तारीख तुम्ही चुकीची लिहिली आहे. 6 ऑगस्ट हवी, 9 नागासाकीची.” आणि टायप करायला बसलात. माझ्याशी सहमत असणारी माणसे मला पुष्कळ भेटली. पण मत वेगळे असूनही माझे म्हणणे बिनचूक लोकांपुढे जावे म्हणून रात्री जागणारे आपणच. शांततेविषयी मी पुढे जे काही बोलले, त्याला त्या रात्रीचा आधार होता.

एक उत्तर मात्र माझ्याकडून राहून गेले आहे. बडवानीकडील एका यादीत शेवटच्या नावापुढे आपली खूण आहे: “वय तपासा.” त्या मुलाची आई जन्मसाल सांगू शकत नव्हती, मोठा पूर आला तेव्हा तो पोटात होता, एवढेच ती म्हणत होती. तो 1970 चा पूर. पुढे गावच्या शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरमध्ये त्याची नोंद सापडली आणि बापाच्या नावाखाली असलेला तो मुलगा स्वतंत्र क्रमांकावर आला. वयस्क मुलांनाही जमिनीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केल्यानंतरही त्याला बरीच वर्षे खेटे घालावे लागले, पण जमीन मिळाली. यंदा त्याच्या शेतातील तूर माझ्याकडे आली आहे. त्यातली दोन किलो या पत्रासोबत पाठवते आहे. पत्र नातीकडून वाचून घ्यावे, आणि कुठे काही चुकले असेल तर पेन्सिलीने खूण करून परत पाठवावे.

आपली कृतज्ञ,
ओट्यावर वही घेऊन येणारी