राखेचा खर्च कोणाच्या खात्यात?

महोदय,

औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी केंद्र सरकारने 2015 मध्ये ठरवलेले निकष वारंवार पुढे ढकलले गेले आणि जुलै 2025 मध्ये बहुतांश वीज केंद्रांना हा वायू रोखणारी संयंत्रे बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशातील कमी गंधकाबरोबरच संयंत्रांचा खर्च आणि वीजदरवाढ ही त्यामागची कारणे होती. हा खर्च खोटा नाही. परंतु जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांत शिरली, तेव्हा शेतकऱ्यांनी सोसलेला खर्च विजेच्या कोणत्या बिलात दाखवला गेला?

उलट, 1999 पासून वीज केंद्रांतील राखेच्या वापराची सक्ती आल्याने सिमेंट आणि विटांच्या व्यवसायाला कच्चा माल मिळाला, हे पर्यावरणाच्या नियमांनी खर्च वाढतो अशा उद्योजकांच्या तक्रारींत क्वचितच ऐकू येते. अडचण खरी आहे ती हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांची, कारण स्वतंत्र सांडपाणी प्रक्रिया त्यांच्या आवाक्याबाहेर असते. त्यांना सामायिक प्रक्रिया केंद्रांसाठी अर्थसाहाय्य अवश्य द्यावे. मोठ्या वीज केंद्रांच्या सवलतींपूर्वी मात्र परिसरातील आरोग्य आणि पिकांच्या हानीचा हिशेब शासनाने प्रसिद्ध करावा.

– एक वाचक, नागपूर